बिनलोखंडाची खोली

मागच्या डिसेंबरच्या आदल्या डिसेंबरात मी डोक्याचा स्कॅन काढायला एबर्डीनला निघाले, तेव्हा माझ्या पिशवीत चीजचे दोन गोळे होते. एक मशीन चालवणाऱ्या मोरागसाठी, एक डॉक्टर इम्लांसाठी. रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जायचं नाही, ही आमच्या राउझी बेटाची रीत. मग ते दार हॉस्पिटलचं का असेना. चीज माझ्या मुलीनं, इंगानं केलेलं. माझ्या हातून तेव्हा चीज होत नव्हतं. हात थरथरायचे. पुढे पुढे मानही थरथरायला लागली, आणि मी सगळ्या जगाला सतत 'नाही, नाही' म्हणतेय असं दिसायचं.

फेरी आज काही सुटणार नाही, वारा बघताय ना. तेव्हा शेगडीजवळ सरका आणि ऐका. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. सांगितली असती तर लोक म्हणाले असते, आजार हिच्या मेंदूला होता, तो अजून गेला नाही.

आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. आमच्या ऑर्कनी बेटांवर ते पोरासोरांनाही पाठ आहे. जगात हा आजार सगळ्यांत जास्त आमच्याकडे, असं डॉक्टर लोक सांगतात. का, ते त्यांनाही नीट ठाऊक नाही. शरीराचे पहारेकरी शरीरावरच उलटतात आणि मेंदूतल्या नसांवरचं आवरण कुरतडून टाकतात, एवढं मला समजलं. माझी आई त्यानंच गेली. शेवटी शेवटी तिला चमचा तोंडापर्यंत नेता येत नव्हता. आईकडून तो मुलीकडे जातोच असं नाही, पण जात नाही असंही कुणी लिहून देत नाही. इंगाच्या हातून कप निसटला की मी आधी तिची बोटं बघायचे. पोरगी वीस वर्षांची, गोठा आणि चीजघर एकटीनं सांभाळणारी, तोंडानं तिखट. "आई, कप फुटला. मी नाही," एवढंच म्हणून ती केर काढायला वळायची.

इम्ला डॉक्टर मोठा भला माणूस. त्यांनी मला खुर्चीत बसवून सगळं उघड सांगितलं. उपाय एक होता, पण जिवावरचा. शरीराची सगळी पहारेकऱ्यांची फौज औषधानं मारून टाकायची आणि आपल्याच रक्तातल्या बीजातून नवी वाढवायची. मधल्या आठवड्यांत साधी सर्दीसुद्धा माणसाला नेऊ शकते. "नुसत्या चित्रात मला पांढरे डाग दिसतात," ते म्हणाले. "पण त्या डागांतल्या नसा मेल्यात की नुसत्या गप्प बसल्यात, हे चित्र सांगत नाही. जिवंत असतील तर तुमच्यासाठी मी भांडेन. मेल्या असतील, तर थोरा, मी तुम्हाला त्या धोक्यात ढकलणार नाही."

ते सांगणारी वेगळी तपासणी होती. मशीन तेच, तीच नळी, पण चित्राऐवजी ते मेंदूतली रसायनं मोजतं. मोरागनं मला समजावलं होतं. "चित्र म्हणजे रस्त्यावरून घर बघणं. भिंती उभ्या आहेत का, छप्पर आहे का, बस. हे मशीन धुरांड्याचा वास घेतं. आत चूल पेटलीय की नाही ते सांगतं." एक द्रव्य असतं, ते फक्त जित्या नसाच बनवतात. पडद्यावर त्याचा सुळका उंच आला तर नसा आहेत. सुळका बसका आला तर गेल्या. तेवढ्या एका सुळक्यावर माझं पुढचं सगळं आयुष्य टांगलेलं.

पण त्यासाठी डोकं दगडासारखं स्थिर हवं. अर्धा तास. माझी मान तर पवनचक्की झालेली. दोनदा गेले, दोनदा पडद्यावर नुसती गवताची गंजी उमटली. गिळताना मला ठसका लागायचा, म्हणून गुंगीचं औषध द्यायला ते धजत नव्हते. तिसरी वेळ शेवटची. नाताळाच्या आधी ही तपासणी जोडून कागदपत्रं डॉक्टरांच्या मंडळापुढे जायला हवी होती, नाहीतर नंबर गेला.

आणि त्या वेळी टीनीआत्या म्हणाली, "मी येते बरोबर."

टीनीआत्या म्हणजे माझ्या बाबांची बहीण. ऐंशी उलटलेली, आमच्याच घरी, ब्रेकन नावाच्या या शेतावर राहणारी. बेट सोडून ती कधी कुठे गेली नव्हती. फेरीपलीकडचा किर्कवॉलचा बाजारसुद्धा तिला परदेश वाटायचा.

"तू येऊन काय करणार?" मी विचारलं.

"तू दोनदा जाऊन काय केलंस?" ती म्हणाली.

आता तुम्हाला आमच्या टेकाडाबद्दल सांगायला हवं. गोठ्यामागे ते गोल, हिरवं टेकाड तुम्ही येताना पाहिलंच असेल. त्यात कुणीतरी आहे. आमच्याकडे हे कुणी मानत नाही, नुसतं पाळतात. ज्यानं ही जमीन पहिल्यांदा नांगरली तो मूळ पुरुष मेल्यावर टेकाडात बसला आणि घर राखतो, अशी समजूत. हॉगबून म्हणतात त्याला. आत्या नुसतं 'तो' म्हणायची. सकाळच्या धारेचं पहिलं दूध त्याला, टेकाडाच्या माथ्यावर. आणि त्यानं आपली पायरी सोडून घरात येऊ नये म्हणून दाराला नाल, पाळण्याखाली नांगराचा फाळ, आणि घरातल्या प्रत्येकाच्या गळ्यात नालाचा खिळा. लोखंड त्याला सोसत नाही. दूध देऊन धरून ठेवायचं आणि लोखंड दाखवून लांब ठेवायचं, थोडक्यात व्याह्यांसारखं. मी शेतकी कॉलेजात शिकलेली. हसायचे. पण खिळा काही काढला नव्हता. गळ्यात एक गोष्ट पाळण्यापासून असली की ती गळ्याचीच होते.

निघायच्या सकाळी आत्या धारेचं दूध घेऊन बाहेर गेली, पण टेकाडाकडे गेली नाही. स्वयंपाकघरात येऊन तिनं ते खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरलं आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

"हे काय?" मी म्हणाले.

"जिथं काम, तिथं दूध," ती म्हणाली. इंगा मागून म्हणाली, "आत्या, विमानात सांडलंस तर सगळ्या प्रवाशांची राखण करावी लागेल त्याला." आत्यानं तिला चापट मारली. विमानतळावरच्या तपासणीवाल्यानं बाटली हुंगली, आत्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता परत दिली. तो सँडी बेटाचा होता. त्याच्या घरीही टेकाड असणार.

एबर्डीनला पोचलो तेव्हा दुपार होती, पण आमच्याकडची डिसेंबरातली दुपार. नंबर येईपर्यंत खिडक्यांत अंधार भरला होता, आणि ग्रॅनाइटच्या त्या करड्या शहराचा उरलासुरला उजेडही विझला. आमची वाट तळघराकडे जाणारी. लांब बोळ, मेणाचा वास, दुरून ऐकू येणारी मशीनची टुकटुक. टुक... टुक... कुणीतरी आत बसून दगडावर दगड मारतंय तशी. आत्यानं माझा दंड धरला होता. आधार मी तिला देत होते की ती मला, कोण जाणे.

मोराग दारातच भेटली. उंच, लाल केसांची, घसा फाटेस्तोवर बोलणारी. चीज बघून म्हणाली, "देवा, मी तर तू बरी होऊच नयेस म्हणून प्रार्थना करणार." मग तिची नेहमीची विचारपूस सुरू झाली. अंगठी? केसांत आकडे? चोळीचे हूक? "आणि तो तुझा गळ्यातला खिळा काढ बाई. मागच्या वेळी विसरली असतीस तर तो डोळ्यात घुसून पलीकडून निघाला असता."

मी खिळा काढून ताटलीत ठेवला. आत्या बघत होती.

"आत लोखंड चालत नाही?" तिनं विचारलं.

"कणभरसुद्धा नाही, आजी. खुर्ची नाही, कात्री नाही, स्ट्रेचरसुद्धा वेगळ्या धातूचं. ते चुंबक कधी बंद होत नसतं."

"भिंतीत खिळे?"

"नाहीत." मोराग हसली. "अख्ख्या शहरात इतकी बिनलोखंडाची खोली तुम्हाला दुसरी सापडायची नाही."

आत्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. तिनं सावकाश आपल्याही गळ्यातला खिळा काढला, माझ्या खिळ्याशेजारी ठेवला, आणि म्हणाली, "मला हिला दारापर्यंत सोडू दे." मोरागनं लोखंड नाही ना, एवढं चाचपलं आणि सोडलं. उंबऱ्याशी आत्या वाकली, जणू बूट नीट करतेय. मी पाहिलं. बाटलीतलं दूध तिनं उंबऱ्याच्या आतल्या अंगाला ओतलं. पांढरा ओघळ फरशीवरून सरकत मशीनकडे गेला आणि त्याच्याखालच्या अंधारात दिसेनासा झाला. मोराग मला फळीवर चढवण्याच्या गडबडीत होती.

कानांत बोळे. डोक्यावर प्लास्टिकचा पिंजरा. हातात रबरी फुगा, घाबरले तर दाबायला. पिंजऱ्यावर एक छोटा आरसा असतो. आडवं पडल्या पडल्या त्यातून पायांकडची काचेची खिडकी आणि पलीकडची खोली दिसते. फळी मला घेऊन आत सरकली. आरशात मोराग पडद्यासमोर बसलेली दिसत होती आणि तिच्यामागे खुर्चीत आत्या, हात मांडीवर.

मशीन सुरू झालं. ठक ठक ठक, मग घरघर, मग ते लांबलचक भणभणणं. माझी मान आपल्या जागी 'नाही, नाही' म्हणत होतीच. मी दात आवळले, पायाची बोटं वळवली, आईची शपथ घातली. जितकं आवरावं तितकी ती जास्त हलायची.

"थोरा," मोरागचा आवाज कानात आला, आणि त्यात आता थट्टा नव्हती. "हलतेयस गं. अजून सुरुवातीचं चाललंय, मी थांबते. श्वास घे. पुन्हा करू."

पुन्हा. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिनं म्हटलं, "आता शेवटचं, थोरा. माझ्या हातात तेवढाच वेळ आहे." माझ्या डोळ्यांतून पाणी कानात उतरत होतं आणि पुसायला हात वर न्यायची सोय नव्हती. मला आईचा तो चमचा दिसायला लागला.

तेव्हा वास आला.

हॉस्पिटलचा नव्हता तो. ओल्या मातीचा होता. नुकत्या उलथलेल्या, दगडाखालच्या, वर्षानुवर्षं ऊन न लागलेल्या मातीचा. त्यात जरासा गोठ्याचा, दुधाचा. मागोमाग गारठा. नळीला दोन तोंडं असतात. डोक्यामागचं तोंड मला दिसत नव्हतं. गारठा तिकडून येत होता. सावकाश... कुणीतरी दार न वाजवता आत यावं तसा.

आणि दोन तळवे माझ्या दोन्ही कानशिलांवर येऊन टेकले.

मोठे होते. खरखरीत. गार. तो पिंजरा इतका अरुंद, की माझं डोकंच त्यात जेमतेम मावलेलं. तिथं ते दोन हात मावले कसे, याचा विचार मी अजून करते. मला वाटलं, मोराग आली असेल धरायला. मी आरशात पाहिलं. मोराग पडद्यासमोर होती.

"मोराग..." मी कुजबुजले. "मागे कोण आहे?"

"बोलू नकोस." तिचा आवाज कानात आला, आणि तो आनंदानं थरथरत होता. "बोलू नकोस, थोरा. काय केलंस तू? एकदम स्थिर आहेस! अशीच राहा... अशीच..."

हातात फुगा होता. दाबला असता तर क्षणात मला बाहेर काढलं असतं. आणि तो सुळका, तो कधीच कळला नसता. इंगाला उद्या काही झालं असतं तर मी तिला काय सांगितलं असतं? घाबरून पळून आले? मी फुगा दाबला नाही. बोटं त्याच्यावरून काढून फळीवर सपाट पसरली.

हात दाबत नव्हते. नुसते धरून होते. मग एक अंगठा माझ्या कपाळावर आला आणि भुवईपासून केसांपर्यंत, सावकाश, परत परत फिरू लागला. वासरू बुजलं की आम्ही असंच करतो. मी स्वतः हजारदा केलंय. तेवढ्यानं, सांगायला लाज वाटते, माझी भीती निम्मी गेली. आईनंतर माझं डोकं असं कुणी धरलंच नव्हतं.

आरशात मी आत्याकडे पाहिलं. ती उठून उभी राहिली होती. माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या डोक्याच्या मागे, नळीच्या पलीकडे कुठेतरी तिची नजर होती. मग तिनं चर्चमध्ये करतात तशी मान खाली घातली आणि वर केलीच नाही.

मशीन थांबलं. हात तसेच होते. भणभणणं थांबल्यावर जी शांतता होते, तीत मला दुसऱ्या कुणाचा श्वास ऐकू आला नाही. माझा स्वतःचा तेवढा येत होता. आणि माझं मन इतकं भरून आलं होतं, की तोंडून निघून गेलं.

"आभारी आहे," मी हळूच म्हणाले. "फार आभारी आहे."

अंगठा कपाळावर मध्येच थांबला. दोन्ही तळव्यांनी एकदाच, घट्ट, दाबल्यासारखं केलं. मग गारठा गेला.

मोराग धावत आत आली. तिनं पिंजरा काढला, माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, आणि मग अंगठ्यानं माझं कानशील पुसत म्हणाली, "हे काय गं? माती? शेतकरीण बाई, पुढच्या वेळी अंघोळ करून ये." पण ती बोलताना हसत आणि रडत होती. "सुळका बघायला डॉक्टर बसतील. पण मला काय दिसलं ते मी तुला सांगणार नाही, कारण मला सांगायची परवानगी नाही." आणि तिनं डोळा मारला.

बाहेर बोळातल्या बाकावर मी आत्याच्या गळ्यात पडले. ती लाकडासारखी ताठ होती.

"आत काय म्हणालीस तू?" तिनं विचारलं. "मोरागच्या यंत्रातून तुझं पुटपुटणं ऐकू आलं."

"आभार मानले."

"तोंडानं?"

"मग कशानं मानणार?"

आत्यानं डोळे मिटले. "अगं पोरी... त्याचे आभार तोंडानं मानायचे नसतात. दूध घराचं, राखण घराची. तिथं कुणी कुणाचं नसतं, म्हणून तो टेकाडात राहतो. तू स्वतःच्या तोंडानं आभार मानलेस, म्हणजे ते काम तुझं झालं. आता तो घराचा नाही राहिला. तुझा झाला."

"मग... काय होईल?"

"मला काय ठाऊक? इतकं वळण असलेलं माणूस आपल्या घरात आजवर निघालंच नव्हतं." तिनं ताटलीतून आणलेला माझा खिळा माझ्या हातात दिला. "घाल. पण आता उशीर झालाय."

पुढचं सगळं चांगलंच झालं, आणि ते मला नीट सांगू द्या, कारण भीतीच्या गोष्टीत चांगलं सांगायचं राहून जातं. सुळका उंच होता. डागांतल्या नसा मेल्या नव्हत्या. नुसत्या गप्प बसल्या होत्या. इम्ला डॉक्टर माझ्यासाठी मंडळाशी भांडले. वसंतात मला खाली इंग्लंडात नेलं, माझे केस गेले, मी काचेआड पडून राहिले आणि दोनदा वाटलं की आटोपलं. नाही आटोपलं. तितके दिवस माझ्या गाई इंगाबरोबर शेजाऱ्यांनी पाळी लावून पिळल्या. कुणी एक शब्द ऐकवला नाही. ज्या परिचारिकेनं मला पहिला घास भरवला तिचं नाव मी रोज घेते. मोरागचं घेते. ज्यांनी कधी काळी बसून शोधून काढलं, की माणसाचं डोकं न फोडता आतली चूल पेटलीय का ते बघता येतं, त्यांची नावं मला ठाऊक नाहीत, पण त्यांचंही घेते. आज माझ्या हातात काठोकाठ भरलेला कप राहतो. तुमच्यासमोर ओतला ना मघाशी? एक थेंब सांडला?

आणि त्याचे? त्याचे आभार मी मनातल्या मनातसुद्धा जपून मानते.

एकच बदल झाला. टेकाडावर ओतलेलं दूध पूर्वी बघता बघता जिरायचं. त्या डिसेंबरापासून ते तिथंच थिजून राहायला लागलं, मांजरंही तोंड लावीनात. आत्यानं एके दिवशी भांडं उपडं घालून ठेवलं आणि म्हणाली, "तिकडे आता कुणी नाही."

गेल्या महिन्यात वर्षाची तपासणी होती. एकटीच गेले, स्वतःच्या पायांनी. अर्धा तास पडून राहिले, मान जागची हलली नाही, कुणाला धरावं लागलं नाही. वास नाही, गारठा नाही. मी मनात म्हटलं, चला, गेला असेल बिचारा आपल्या वाटेनं.

डॉक्टर इम्लांनी पडदा माझ्याकडे वळवला. सुळके आणखी वर आले होते. ते इतके खूश होते की त्यांनी दोनदा माझा हात हातात घेतला. मग जरा अडखळले.

"एक विचारू? या तपासणीत रसायनांबरोबर मेंदूची ऊबही कळते. सुळक्यांमधल्या अंतरावरून. गेल्या वेळच्या तुमच्या नकाशात मला काहीतरी दिसलं होतं. मशीनचा दोष समजून मी बोललो नाही. आम्ही मशीन तपासलं, त्यात काही नव्हतं." त्यांनी जुना नकाशा लावला. दोन्ही कानशिलांखाली आत निळे पट्टे होते. बोटांएवढे. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार. "जिवंत मेंदूत इतका गारठा असूच शकत नाही. जमिनीखालची माती असते इतकं गार आहे हे. तुम्हाला काही जाणवलं होतं का?"

"नाही," मी म्हणाले.

"बरं. आता हा नवा." त्यांनी दुसरा नकाशा शेजारी लावला. "पट्टे अजून आहेत. पण या वेळी फक्त डावीकडे."

मी पडद्याजवळ वाकले. डावीकडे चार निळी बोटं, माझ्या डोक्याला अजून धरून असलेली. उजवीकडे सगळं छान, उबदार, कोरं.

"चांगलंच आहे की," डॉक्टर म्हणाले. "निम्मं गेलं."

मी मान हलवली. विमानात, फेरीत, घरच्या वाटेवर माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. सुटलेला तो दुसरा हात त्यानं आता कुठे ठेवला असेल?

घरी पोचले तेव्हा चार वाजले असतील, पण बाहेर मिट्ट काळोख. आत्या आत तिच्या खोलीत घोरत होती. स्वयंपाकघरात दिवा लावलेला नव्हता, शेगडीची लाली तेवढी होती. तिच्यासमोर खुर्चीत इंगा, पाय लांब करून, डोळे मिटून. तिचं डोकं एका अंगाला कललं होतं, उशीवर टेकवावं तसं. तिथं उशी नव्हती. खुर्चीला पाठही तेवढी उंच नाही.

मी दार लोटून घेतलं.

"आई, आलीस?" ती डोळे न उघडता पुटपुटली. "रागावू नकोस... चार दिवस झाले, पायांना मुंग्या येतायत. डावा हातही जरा... तुला मुद्दाम सांगितलं नाही. तुझी तपासणी व्हायची होती ना."

मी पिशवी खाली ठेवली.

"पण आता खूप बरं वाटतंय गं," इंगा म्हणाली, आणि समाधानानं एक लांब श्वास सोडला. "तुझा हात किती गार आहे... काढू नकोस पण. असाच राहू दे कपाळावर."

मी अजून दारातच उभी होते. हातमोजेसुद्धा काढले नव्हते.